आधण

गाडीतून उतरले, तर चेसांगने आधी माझे पाय पाहिले.
"चपला? परत जा. बूट घाल."
पहाटेचे सहा. पलीकडच्या कड्यावर उन्हाची बारीक किनार,
तळ्यापर्यंत अजून न उतरलेली,
आणि काठाकाठाने सगळीकडे वाफ,
जणू रात्री शंभर चुली पेटत्या ठेवून
कुणी उठून गेलं.

बोगोरिया. केनिया. खारं पाणी, भेगाळलेली दरी.
ती पुढे, मी तिच्या पावलात पाऊल टाकत.
हातात बाभळीची काठी, टोक झिजलेलं.
आधी काठी टेकते, कान देते, मग पाय.
पांढरी जमीन दिसते घट्ट,
असते नुसता पापुद्रा
(भाकरी मला आठवली, तिला नाही),
खाली पोकळ, पोकळीखाली खदखद.
तिने स्वाहिलीत काय शब्द वापरला कोण जाणे,
मला ऐकू आलं : आधण.

लहानपणी ती इथे अंडी उकडून विकायची,
फडक्यात बांधून, काठीला लटकवून.
एकदा तांबडं करडू दोर सोडून पळालं,
तीही मागे, एकच पाऊल जास्त.
चालता चालता तिने पँट गुडघ्यापर्यंत ओढली :
घोट्यापासून वर कातडी चकचकीत, चुण्या चुण्यांची,
वारा पडल्यावरही पाण्यावर राहून गेलेली लाट.
"आणि करडू?"
काठी दोनदा आपटली तिने.
"चल."

मग आवाज.
आधी वाटलं वळणापलीकडे आठवड्याचा बाजार आहे,
इतकी कुरबुर, इतका कलकलाट;
आणि वाफ सरली तशी
तळ्याची अख्खी कड गुलाबी.
उकळता ओहोळ जिथे तळ्यात उतरतो तिथेच, दाटीने,
माना वाकवून ते पीत होते
मी बोटही बुडवणार नाही असलं पाणी.
"त्यांच्या पायांना खवले आहेत," चेसांग म्हणाली,
"तुझ्या पायांना?"

मी फोन काढला. जरा डावीकडून, फक्त जरा,
आणि टाच खचली.
आवाजही झाला नाही.
छातीवर आडवी काठी, दंडावर तिची पकड,
आणि चेहऱ्यावर राग नाही, मोजदाद :
किती खोल, किती वेळ, बूट जाड की पातळ.
"पाय लागतो का?" "नाही." "बोटं हलव."
हलली.
एकही पक्षी उडाला नाही, याचं तिला बरं वाटलं.
घाबरून उडाले की सकाळची भूक उडण्यातच संपते.

वर उतारावर काटेरी झुडपात
पीळदार शिंगांचा एक कुडू केव्हापासून उभा होता.
त्याला आमचं सगळं दिसलं असणार.

"तुमच्याकडे काय म्हणतात ह्याला?"
मी म्हटलं, रोहित. कुणी अग्निपंखही म्हणतं.
अर्थ सांगितला तशी ती हसली, वाकून, पोट धरून.
"आग पंखात? बाई, आग खाली आहे!"

खूप खालच्या अंगाला, ओहोळ निवतो तिथे,
ताप्किगेन नावाची म्हातारी गुडघे शेकत बसली होती.
"कोपर घाल आधी," तिने खुणेने सांगितलं,
बाळाच्या न्हाणीचं पाणी बघतात तसं.
पाय चालतील. डोकं नाही. नाकात थेंब नाही.
घाम फुटला की उठायचं, हट्ट करायचा नाही.
साबण आणला असेल तर तो पिशवीतच राहू दे.

मग तळ्याकडे बोट.
आत, काठापासून बरंच आत,
पाणी एका जागी आपसूक उसळत होतं.
तिच्या आईचं शेकायचं कुंड. तळं चढलं, वर आलं,
कुंड खाली गेलं, विझलं मात्र नाही.
ती बराच वेळ बघत राहिली,
मीही, काय बघायचं ते न कळून.

संध्याकाळी खोलीवर बूट काढले.
डाव्यावर, घोट्याखाली दोन बोटं,
मिठाची पांढरी रेघ.
ओल्या फडक्याने पुसली.
वाळल्यावर पुन्हा दिसली.